हरणाला लायसन, बंदुकीला नाही : विस्कॉन्सिनमधला माझा पहिला मोसम

इथल्या मराठी मंडळातली माणसं भेटली की हल्ली एकच विचारतात, "बंदुकीचं लायसन कसं काढलंस गं?" मी काढलंच नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात साध्या शिकारीच्या रायफलीला लायसन लागत नाही. लायसन लागतं ते हरणाला. आणि ते हातात येण्याआधी शिकारीच्या प्रशिक्षणाचं एक प्रमाणपत्र लागतं, खरा वेळ त्यात जातो. हे सगळं २०२४ मध्ये मी केलं. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी थोडं घरचं. मी मूळची कुडाळजवळची. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे, आधी आजोबांच्या नावावर होती, आता काकांच्या. सिंधुदुर्गात अशा बंदुका गावोगाव आहेत. तिच्या परवान्याच्या पुस्तकाला आमच्या घरात सातबाऱ्याइतका मान. नूतनीकरणाची तारीख चुकवायची नाही, निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निवडणूक आटोपली की सोडवून आणायची. शिकारीचा परवाना असा वेगळा कागद मात्र मी कधी पाहिला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला तशा परवान्यांची तरतूद होती, १९९१ च्या दुरुस्तीत तीही गेली. म्हणजे आपल्याकडे परवाना हत्याराचा, आणि जनावर मारायला बंदी. इथे बरोबर उलटं. मी काकांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, "गो बाय, हरणाक लायसन आणि बंदुकेक नाय?"

आम्ही मॅडिसनच्या बाहेर राहतो, डेन काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा). इथे हरणं परसातली ट्यूलिपं खातात आणि रात्री गाडीसमोर येतात. शेजारचे आजोबा दर नोव्हेंबरला एक-दोन मारतात आणि वर्षभराचं मटण फ्रीजरमध्ये भरतात. (तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली पद्धत, पण मनात ते आजोबाच.) त्यांनी दिलेलं मटण मी मालवणी मसाल्यात केलं, दोन वर्षं करत राहिले आणि मग वाटलं, दुसऱ्याने मारलेलं किती दिवस खायचं. नवरा पुण्याचा आणि शाकाहारी. त्याचा आक्षेप हरणावर नव्हता, घरात बंदूक येण्यावर होता. त्यावर आमचं काय ठरलं ते पुढे येईल.

पहिली पायरी व्हिसाची. हा भाग बहुतेक अमेरिकन माणसांना ठाऊकच नसतो, त्यांना विचारून उपयोग नाही. फेडरल कायद्याप्रमाणे एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे नोकरी-शिक्षणाच्या तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. घरात ठेवणं सोडाच, रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेतली तरी ते 'जवळ बाळगणं'च. ऑफिसच्या सहलीत हौसेने शूटिंग रेंजवर जाऊन फोटो टाकणारी आपली पोरं मी पाहिली आहेत. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. म्हणजे एच-१बीवाल्याला क्रम ठरलेला : आधी प्रमाणपत्र, मग शिकारीचा परवाना, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. मी स्वतः एच-१बीवर असताना या भानगडीत पडले नाही. ग्रीन कार्ड आल्यावर ही अट उरत नाही, तेव्हाच सुरुवात केली. तुम्ही व्हिसावर असाल आणि तरी करायचं असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला तासाचे पैसे मोजा. ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं काढल्यावर हरणापायी धोका पत्करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी रहिवासाची. विस्कॉन्सिनचा रहिवासी म्हणून परवाना हवा असेल तर अर्जाच्या आधी सलग किमान ३० दिवस इथे कायमचं घर हवं. नुसतं घर किंवा जमीन नावावर असून चालत नाही. मतदान कुठे करता, राज्याचा आयकर कुठे भरता, ड्रायव्हिंग लायसन कुठलं आहे, यावरून ते ठरवतात. आम्हाला मतदानाचा हक्क नाही, पण बाकी दोन्ही होतं. शिकागोच्या मंडळींना हे टोचतं, कारण बाहेरच्या राज्यातल्या माणसाला हाच परवाना कितीतरी महाग पडतो.

मे महिन्यात राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या 'गो वाइल्ड' या संकेतस्थळावर खातं उघडलं. त्या सरकारी खात्याला सगळे डीएनआर म्हणतात. तिथे सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. माझा हात क्षणभर थांबला, हरणाचा आणि त्याचा काय संबंध? संबंध आहे. मुलांच्या पोटगीची थकबाकी असणाऱ्यांचे असले परवाने अडवता यावेत म्हणून तो घ्यावा, असा कायदा आहे. खातं उघडलं की एक ग्राहक क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, क्लासला नाव घालायला तोच लागतो.

आता प्रमाणपत्र. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे. शेजारच्या आजोबांचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. त्यांनी आयुष्यात हा क्लास केला नाही आणि हे ते मला पुन्हा पुन्हा खुशीत सांगायचे. लष्करी प्रशिक्षण घेतलेल्यांना सूट आहे. एक पळवाटही आहे : 'मेंटर्ड' शिकार. कोर्स न करता परवाना मिळतो, पण त्यावर तसा शेरा असतो आणि सबंध वेळ अनुभवी शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरावर राहावं लागतं. आजोबांनी हाच मार्ग सुचवला होता. मला तो पटला नाही. चाळिशी उलटलेल्या बाईने मोसमाचे नऊ दिवस कुणाच्या हाताच्या अंतरावर बसायचं?

कोर्सचे दोन-तीन प्रकार आहेत. अठरा वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. ते चालवणाऱ्या कंपन्या आपापली फी घेतात. काही ठिकाणी अभ्यास ऑनलाइन आणि शेवटी एक दिवस मैदानावर. तिसरा जुना प्रकार, स्वयंसेवक शिक्षकांसमोर वर्गात बसून, फी १० डॉलर. इतका स्वस्त कसा, तर शिक्षक मानधन घेत नाहीत, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर जो ११ टक्के कर लागतो त्यातला पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी आणि या शिक्षणासाठी मिळतो. बंदूक विकत घेणाराच बंदूक जपून वापरायच्या वर्गाचा खर्च भरतो, ही व्यवस्था मला आवडली.

मी वर्गातला कोर्स घेतला, कारण मला बंदूक हातात धरायची भीती होती आणि ती पडद्यावर जाणार नव्हती. पण जागा मिळणं म्हणजे तत्काळचं तिकीट. जूनमध्ये आमच्या काउंटीतले दिसणारे सगळे वर्ग भरलेले होते. तासाभराच्या अंतरावरच्या गावात ऑगस्टचा एक वर्ग होता, तिथे प्रतीक्षा यादीत नाव घातलं आणि शिक्षकांना रीतसर ईमेल केली. जुलैच्या शेवटी उत्तर आलं, जागा झाली आहे, या.

वर्ग गावातल्या एका कॉन्झर्वेशन क्लबच्या हॉलमध्ये होता, संध्याकाळचा, आणि शेवट शनिवारी. विद्यार्थी बहुतेक अकरा-बारा वर्षांचे, मागे त्यांचे आईबाप. विद्यार्थ्यांत मीच थोराड. पहिल्या संध्याकाळी एका मुलाने मला विचारलं, "तुमचा मुलगा कुठे बसलाय?" मुलगा घरी होता, बापाबरोबर पोळी-भाजी खात. माझ्या बाकावर एक ह्मोंग (आग्नेय आशियातून आलेल्या समाजातले) गृहस्थ आपल्या पोराला घेऊन आले होते. विस्कॉन्सिनमध्ये ह्मोंग वस्ती मोठी आहे आणि त्यांच्यात शिकारी पुष्कळ. त्यांनी मला खारीचं मटण कसं करायचं ते लेमनग्रासपासून सगळं समजावून सांगितलं, मी त्यांना आपलं खोबऱ्याचं वाटप म्हणजे काय ते सांगितलं. सगळ्या हॉलमध्ये सावळी डोकी आमचीच. रानात एकटी बाई, तीही आपल्या रंगाची, लोक कसे वागतील, हा प्रश्न मी त्यांनाच विचारू शकले. ते म्हणाले, आधी जमीनमालकाशी ओळख कर, गाडी कुठे लावणार ते त्याला सांग, आणि कुणी अडवलं तर बंदूक उघडून, रिकामी दाखवून बोल. मी ते तंतोतंत पाळलं.

शिकवण्याचा गाभा चार नियमांचा आहे. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला. समोर काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, दोन्हींची खात्री झाल्याशिवाय गोळी नाही. आणि मारायचं नक्की होईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'टॅब-के' म्हणतात, आणि पोरं ते पाढ्यासारखं म्हणतात. म्हणायला सोपं. करताना कळतं की बोट आपोआप आत जातं.

शिक्षक एक निवृत्त शेतकरी होते. त्यांनी बंदूक घ्यायची-द्यायची कशी यावर अख्खी एक संध्याकाळ घालवली. देणाऱ्याने आधी नळी फिरवायची, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, मागे ओढून उघडा ठेवायचा. घेणाऱ्याने कोठीत डोळ्याने बघायचं आणि मग करंगळी आत घालून चाचपायचं, काडतूस नाही ना. मग मोठ्याने म्हणायचं, "उघडी आहे, रिकामी आहे." मग दुसऱ्याने सोडायचं. सरावाची काडतुसं खोटी, रंगीत. पुढच्या बाकावरच्या बारा वर्षांच्या मुलीने बघितलं पण चाचपलं नाही, तर त्यांनी तिला ओरडून नव्हे, नुसतं हात पाठीमागे घेऊन थांबवलं. ती पुन्हा पहिल्यापासून. नंतर कुंपण ओलांडणं : दोघे असाल तर बंदुका रिकाम्या करायच्या, एकाने दोन्ही धरायच्या, दुसऱ्याने पलीकडे जायचं, मग त्या एकेक पलीकडे द्यायच्या. तारेचं कुंपण म्हणून हॉलमध्ये दोन खुर्च्यांना सुतळी बांधली होती.

सगळ्यात जास्त शिकवलं ते केव्हा मारायचं नाही हे. पडद्यावर चित्रं दाखवायचे, आपण 'मार' किंवा 'थांब' म्हणायचं. टेकडीच्या कण्यावर उभं हरण, मागे नुसतं आभाळ : थांब, गोळी पलीकडच्या खोऱ्यात कुठे जाईल ठाऊक नाही. मक्याच्या ताटांत हलणारं काहीतरी तपकिरी : थांब. अगदी आडवं, सुंदर उभं हरण, पण मागे झाडांतून एक नारिंगी ठिपका : थांब. चित्रांतली बहुतेक 'थांब'चीच होती. आमच्या गावात पारधीच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या, हाकारे कुठे, वाटेवर कोण बसलं, डुक्कर कसा आला; पण अमक्याने मारला नाही, ही गोष्ट कुणी रंगवून सांगितलेली आठवत नाही.

झाडावर बांधायच्या मचाणावरही बराच वेळ गेला. अंगभर पट्टे असलेला हार्नेस घालूनच चढायचं, बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढायची, खांद्याला लावून चढायचं नाही. मी तेव्हाच ठरवलं की आपण जमिनीवर बसायचं.

शनिवारी लेखी परीक्षा आणि हातात बंदूक घेऊन चाचणी. लेखी परीक्षा वहीतलं वाचलं असेल तर जड नाही. काही दिवसांत प्रमाणपत्र गो वाइल्डच्या खात्यात दिसलं. ते आयुष्यभराचं असतं आणि इतर राज्यांतही चालतं, त्यामुळे उद्या टेक्सासला बदली झाली तरी पुन्हा वर्ग नाही. हरवलं तर खात्यातून परत छापता येतं.

आता परवाना, ज्याची मला सगळ्यात धास्ती होती आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी भात शिजेपर्यंत झाला. गन-डिअर, म्हणजे बंदुकीने हरण मारायचा, परवाना रहिवाशाला २४ डॉलर. पहिल्यांदाच घेणाऱ्याला ५. शिफारसपत्र नाही, पोलीस चौकशी नाही, तहसीलदार नाही. त्याबरोबर एक नर मारण्याचा हक्क येतो, आणि मादीसाठी वेगळे. ते घेताना कुठला विभाग, कुठली काउंटी, आणि खासगी जमीन की सरकारी, हे आधीच निवडावं लागतं. एकदा निवडलं की त्याच हद्दीत. म्हणून परवाना घेण्याआधी बसायची जागा पक्की करा. आजोबांच्या भावाची शेती आयोवा काउंटीत आहे. हे आयोवा राज्य नव्हे, विस्कॉन्सिनमधलीच काउंटी आहे. फोनवर सांगताना दर वेळी खुलासा करावा लागतो. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आपल्या आर्थिक वर्षासारखं, एवढं एक लक्षात ठेवायला सोपं.

परवानगीचं एक सांगते. इथे जमीनमालकाने 'प्रवेश बंद'ची पाटी लावायची गरज नाही. पाटी नाही म्हणून शिरलात तरी ते बेकायदाच. मी त्या शेतकऱ्याला ऑक्टोबरात प्रत्यक्ष भेटले, चकल्या नेल्या, हद्द पायी चालून घेतली, घर आणि गोठा कुठल्या दिशेला ते पाहून ठेवलं. दुसऱ्याच्या राहत्या घरापासून १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही.

बंदूक सगळ्यात शेवटी घेतली. आजोबा त्यांची द्यायला तयार होते, पण त्यांच्या बंदुकीचा धक्का माझ्या खांद्याला झेपला नसता. ओळखीच्या दुकानात पॉइंट २४३ कॅलिबरची जुनी रायफल मिळाली, चारशे डॉलरच्या आतबाहेर. तिथे फेडरल फॉर्म भरावा लागतो, ४४७३ नंबरचा. जन्मस्थळ, वंश, नागरिकत्व, आणि मग हो-नाहीचे प्रश्न. नागरिक नसाल तर इमिग्रेशन खात्याने दिलेला एलियन नंबर. ड्रायव्हिंग लायसनवरचा पत्ता सध्याचाच हवा, नुकतं घर बदललं असेल तर आधी तो बदलून घ्या. गांजाचा एक प्रश्न आहे, तो नीट वाचा : शेजारच्या इलिनॉय, मिशिगन आणि मिनेसोटात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, आणि फॉर्मवर तसं स्पष्ट छापलेलं आहे. खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा. नंतर दुकानदार तुमचं नाव तपासणीला पाठवतो. उत्तर 'पुढे जा', 'थांबा' किंवा 'नाही' असं येतं. माझं 'थांबा' आलं. दुकानदार म्हणाला, असं बऱ्याच जणांचं होतं, घरी जा. पण पोटात गोळा आला तो आलाच. इतक्या वर्षांत सरकारी संकेतस्थळावर 'थांबा' हा शब्द वाचायची आपल्याला सवय आहे, तरी बंदुकीच्या दुकानात तो वेगळाच लागतो. दुसऱ्या दिवशी फोन आला, मंजूर.

नवऱ्याची अट अशी होती की कपाट पोलादी हवं, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्हींच्या किल्ल्यांतली एक त्याच्याकडे. अट रास्त होती. घरात बारा वर्षांचा मुलगा आहे, आणि चौदाच्या आतलं मूल पोहोचेल अशी भरलेली बंदूक ठेवणं या राज्यात तसाही गुन्हा ठरू शकतो. आता रायफल काढायची तर दोघांनीही घरी असावं लागतं. बँकेच्या लॉकरसारखं झालंय, पण मला निवांत झोप लागते.

ऑक्टोबरभर सवड मिळेल तशी रेंजवर जाऊन रायफलीवरची दुर्बीण जुळवून घेतली. कानाला संरक्षण दुहेरी लावा, आत बोळे आणि वर कप.

मोसम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. २०२४ मध्ये तो दिवस आला २३ नोव्हेंबर, नेमका महाराष्ट्र विधानसभेच्या मतमोजणीचा. पहाटे पाचला मी गाडीत बसले तेव्हा तिकडे दुपारचे साडेचार, महायुतीचा विजय स्पष्ट झाला होता आणि घरच्या ग्रुपवर फटाके नि भांडणं दोन्ही चालू होती. काकांची ठासणीची बंदूक आचारसंहितेमुळे पोलीस ठाण्यात, आणि मी डिकीत रायफल घालून चाललेली. त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "माझी कधी देतले बघया." गाडीत रायफल रिकामीच असावी लागते, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं.

कपड्यांचा नियम कडक आहे. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग झगझगीत नारिंगी हवा, टोपी घातली तर तीही निम्मी. २०१६ पासून गुलाबीही चालतो. दुकानदाराने न विचारता गुलाबी पुढे केला. मी नारिंगी घेतला. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते, पण त्याच्या बऱ्याच आधी जाऊन बसावं लागतं. पहिल्या दिवशी दूरवर गोळ्यांचे आवाज आले, माझ्यासमोर खारी आणि टर्की. दुसऱ्या दिवशी एक नर आला, टेकडीच्या कण्यावर थांबला. पडद्यावरचं पहिलं चित्र. थांबले, तो गेला.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, कडाक्याच्या थंडीत, एक मादी ओकच्या उतारावर आडवी उभी राहिली, मागे मातीचा चढ. गोळी बसली. लगेच धावायचं नाही, अर्धा तास बसून राहायचं, हे वर्गात शिकले होते, नाहीतर जखमी जनावर घाबरून लांब पळतं. तो अर्धा तास फार वाईट गेला. हात कापत होते, थंडीने की कशाने ते माहीत नाही. ती उभी होती तिथून फार लांब गेली नव्हती. आजोबा आले, त्यांनी सुरी माझ्याच हातात दिली. लांब रबरी हातमोजे, छातीच्या हाडाखाली छोटा छेद, मग पात्याची धार वर करून दोन बोटांमध्ये धरायची म्हणजे आतडं आणि मूत्राशय फुटत नाही. आतून वाफ येते. मासे साफ केलेल्या माणसाला घाण वाटत नाही, पण आकारामुळे दडपण येतं.

यानंतर पुन्हा कागद. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, ऑनलाइन किंवा फोनवर. खोऱ्यात सिग्नल नव्हता, घरी येऊन केली. परवान्यावरचा क्रमांक, नर की मादी, काउंटी, जमीन कसली. शेवटी पुष्टीचा एक क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, कारण पुढची पायरी त्यावरच आहे.

ती पायरी म्हणजे सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) तपासणी. हरणांचा हा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये माउंट होरेबच्या परिसरात पहिल्यांदा सापडला, आणि आयोवा काउंटी अगदी त्या पट्ट्यात येते. माणसाला तो झाल्याचं आढळलेलं नाही, तरी रोगी हरणाचं मटण खाऊ नका असं खातं सांगतं. तपासणी फुकट आहे. ठिकठिकाणी रात्रंदिवस उघड्या पेट्या ठेवलेल्या असतात. चार-पाच इंच मानेसह डोकं कापायचं, तिथल्या पिशवीत घालायचं, फॉर्मवर कुठे मारलं ते आणि पुष्टीचा क्रमांक लिहायचा, बारकोडची आपली चिठ्ठी फाडून घ्यायची आणि पिशवी पेटीत टाकायची. रात्री नऊला पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली मी डोक्याची पिशवी धरून फॉर्म भरत होते आणि माझ्यामागे दोघे आपापल्या पिशव्या घेऊन रांगेत, हवापाण्याच्या गप्पा मारत.

निकाल यायला दोनेक आठवडे लागतात. तोवर मटण खाटिकाकडून कापून आणून फ्रीजरमध्ये वेगळं ठेवलं, नाव घालून. खाटिकाला आधीच सांगा की माझं दुसऱ्याच्या मटणात मिसळू नका. बहुतेक जण ऐकतात, पण विचारल्याशिवाय नाही. डिसेंबरच्या मध्याला निकाल आला, रोग आढळला नाही.

खर्चाचं म्हणाल तर कोर्स १० डॉलर, परवाना ५, नारिंगी जाकीट-टोपी तिसेक, काडतुसांची पेटी पस्तीसच्या आसपास, खाटीक सव्वाशेच्या वर. रायफल आणि पोलादी कपाट धरलं तर आकडा सातशेच्या पुढे जातो, आणि त्या पैशात मटण कितीतरी येईल हे नवऱ्याने हिशेब करून दाखवलं आहे. ऑनलाइन कोर्स आणि उसनी बंदूक, असं केलं तर शंभरातही भागतं, खाटीक सोडून.

यंदा करायचं असेल तर मे-जूनमध्येच वर्ग शोधायला लागा. भरलेले दिसले तरी प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि शिक्षकांना लिहा, शेवटच्या आठवड्यात जागा होतात. मोसम तोंडावर आल्यावर शोधाल तर ऑनलाइनच उरेल.